दुसऱ्याच्या नावाचा चेक आणि तुमचं खातं : एका साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो

पीएच.डी.चा विषय शोधताना बहुतेक जण शीर्षकापासून सुरुवात करतात. 'मावळ तालुक्यातील पतसंस्थांच्या कार्याचा चिकित्सक अभ्यास' असं काहीतरी. हे शीर्षक चुकीचं नाही, पण यात प्रश्न कुठे आहे? कार्य म्हणजे कोणतं, चिकित्सा कशाची, आणि उत्तर काय आलं तर तुम्ही चकित व्हाल? याचं उत्तर नसेल तर तो अजून विषय झालेला नाही, कपाटाचा कप्पा झालाय. त्यात काय ठेवायचं ते ठरायचंय.

म्हणून आज उलट्या बाजूने जाऊ. एक अगदी छोटा, घरगुती प्रश्न घेऊ: दुसऱ्याच्या नावाचा चेक मला माझ्या खात्यात भरता येईल का? हा प्रश्न बँकेच्या रांगेत रोज विचारला जातो आणि उत्तर बहुधा एका शब्दात मिळतं, "नाही." तो 'नाही' नेमका कुठून येतो, एवढंच शोधायचंय. शोधता शोधता कायदा कसा वाचायचा, परिपत्रक कसं वाचायचं आणि प्रत्यक्ष काउंटरवर काय पाहायचं, हे तिन्ही हाताखालून जाईल.

समजा, घोरावाडी

एक कल्पित उदाहरण घेऊ. घोरावाडी हे पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावरचं बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामधलं छोटं स्टेशन. समजा, इथे राहणाऱ्या मंगलताई (नाव अर्थातच काल्पनिक) एका ठेकेदाराकडे काम करायच्या. काम सुटलं, हिशेब झाला आणि ३८,००० रुपयांचा चेक हातात आला. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा आणि त्यात 'अकाउंट पेयी' लिहिलेलं.

मंगलताईंचं चालू असलेलं एकमेव खातं गावातल्या पतसंस्थेत आहे. रोज पिग्मीवाला येतो, शंभर-पन्नास रुपये घेऊन जातो. बँकेतलं एक खातं कधीकाळी काढलं होतं, पण त्याची केवायसी अडकलीय. मुलाचं खातं मात्र राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. मग घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "अगं, मागे सही कर आणि माझ्या खात्यात टाक. पैसे आपलेच ना?"

पैसे त्यांचेच आहेत. आईची संमतीही आहे. फसवणूक कुठेच नाही. तरी बँक नाही म्हणते. का?

पहिला थर : १८८१ चा कायदा

चेकसंबंधीचा मूळ कायदा म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१. मराठीत त्याला पराक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. नावातच उत्तराचा निम्मा भाग आहे. 'पराक्राम्य' म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होऊ शकणारा. म्हणजे चेक हा कागद मुळात हातोहात फिरण्यासाठीच घडवलेला आहे.

या कायद्याच्या नजरेने चेकचे चार प्रकार वेगळे करून पाहा.

पहिला, बेअरर चेक, रेषा न मारलेला. तो घेऊन जो खिडकीवर जाईल त्याला बँक पैसे देऊ शकते. कलम ८५ नुसार जो चेक मुळात बेअरर म्हणून काढलाय, त्याचे पैसे रीतसर धारकाला दिले की बँकेची जबाबदारी संपते, मग मागे कोणी काहीही लिहिलेलं असो.

दुसरा, ऑर्डर चेक. इथे 'बेअरर' हा शब्द खोडलेला असतो. ज्याच्या नावे चेक आहे तो मागे सही करून तो दुसऱ्याला देऊ शकतो. या सहीला पृष्ठांकन म्हणतात; कलम १५ आणि १६ त्याबद्दल आहेत. नुसती सही केली तर कोरं पृष्ठांकन. 'अमुक यांना द्यावेत' असं लिहून सही केली तर पूर्ण पृष्ठांकन.

तिसरा, रेखांकित चेक, म्हणजे दोन समांतर रेषा. कलम १२३ पासून १३१ पर्यंतचा भाग याबद्दल आहे. रेषा मारल्या की खिडकीवर रोख मिळत नाही, पैसे बँकेच्या मार्फतच वसूल व्हावे लागतात. पण लक्षात घ्या, नुसत्या रेषांमुळे चेकचं हस्तांतरण थांबत नाही. रेषांमध्ये 'नॉट निगोशिएबल' लिहिलं तरीही थांबत नाही. कलम १३० एवढंच सांगतं की असा चेक घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळणार नाही. चोराकडून घेतलात तर चोराइतकाच हक्क, म्हणजे शून्य.

चौथा, 'अकाउंट पेयी' चेक. मंगलताईंच्या हातातला. आता कायदा उघडा आणि हे दोन शब्द शोधा. सापडणार नाहीत! १८८१ च्या कायद्यात 'अकाउंट पेयी' या रेखांकनाची व्याख्याच नाही. हे बँकव्यवहाराच्या चालीरीतीतून आलेलं आहे. न्यायालयांनी पूर्वीपासून त्याचा अर्थ वसूल करणाऱ्या बँकेला दिलेली सूचना असा लावला: हे पैसे नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात टाक.

इथे थांबा, कारण संशोधनाच्या दृष्टीने ही पहिली महत्त्वाची जागा आहे. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "कायद्याने चालत नाही." तुम्ही कायदा वाचला तर त्यात ती मनाई नाही. मग दोघांपैकी एक खोटं बोलतोय का? नाही. 'कायदा' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातोय. प्रबंधात असे शब्द पहिल्याच प्रकरणात सोडवून ठेवावे लागतात, नाहीतर तोंडी परीक्षेत तेच अडवतात.

थोडं मागे : शाहजोग हुंडी

चेक यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे हुंडी होती, आणि हा प्रश्न हुंडीवाल्यांनाही पडलेला होता: कागद हरवला किंवा चोरीला गेला आणि भलत्याच माणसाने पैसे मागितले तर?

त्यांचं उत्तर होतं हुंडीचे प्रकार. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला. नामजोग हुंडीचे पैसे नाव लिहिलेल्याला. आणि शाहजोग हुंडी, जिचे पैसे फक्त 'शाहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकाराला किंवा व्यापाऱ्यालाच द्यायचे. हुंडी हातोहात फिरली तरी चालेल, पण शेवटी पैसे मागायला येणारा माणूस ओळखीचा हवा. काही घोटाळा निघालाच तर त्याला धरता येतं.

आता रेखांकित चेक पुन्हा पाहा. कागद फिरू दे, पण शेवटी तो बँकेतूनच आला पाहिजे. शाहाच्या जागी बँक आली, तत्त्व तेच राहिलं. अनोळखी माणसाची जोखीम ओळखीच्या मध्यस्थावर टाकायची. आणि १८८१ च्या कायद्याचं कलम १ च सांगतं की देशी भाषांतल्या दस्तऐवजांबद्दलच्या स्थानिक रूढींना हा कायदा, अन्यथा ठरलेलं नसेल तर, बाधा आणत नाही. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही समोर दुसरी चालती व्यवस्था दिसत होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी इथे वेगळा प्रबंध आहे. वाटेत तो उचलायचा मोह मात्र टाळा. एका प्रश्नाला फुटलेल्या फांद्या वहीत लिहून ठेवायच्या आणि मूळ प्रश्नावर परत यायचं.

दुसरा थर : २००६ चं परिपत्रक

मनाई आली ती रिझर्व्ह बँकेच्या २३ जानेवारी २००६ च्या परिपत्रकातून. 'अकाउंट पेयी' चेक ज्याच्या नावे आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याही खात्यात जमा करू नये, असा स्पष्ट आदेश बँकांना दिला गेला. इतकंच नाही, चेक काढणाऱ्याने किंवा मिळालेल्याने 'दुसऱ्या खात्यात टाका' असं सांगितलं तरी बँकेने ते ऐकू नये. चेक काढणाऱ्याकडूनच तो चेक, किंवा त्यावरची 'अकाउंट पेयी' ही सूचना, मागे घेतली जावी असं बँकेने सांगावं, असं परिपत्रक म्हणतं.

म्हणजे मंगलताईंची संमती इथे निरुपयोगी आहे. अट लावणारा ठेकेदार, तेव्हा ती उठवण्याचा अधिकारही त्याचाच.

असा आदेश २००६ मध्येच का आला? त्याच्या आधीच्या काळात शेअर बाजारातल्या प्रारंभिक समभाग विक्रीत मोठे गैरव्यवहार उघडकीला आले होते. असंख्य बनावट अर्जदारांच्या नावाने अर्ज करून छोट्या गुंतवणूकदारांच्या वाट्याचे शेअर काही मोजक्यांनी लाटले होते. ज्याच्या नावाचा कागद त्याच्याच खात्यात पैसे, ही शिस्त ढिली असेल तर एवढी बनावट नावं सहज चालवता येतात. म्हणून शिस्त आवळली गेली. परिपत्रकात कारणंही दिलेली आहेत: अनधिकृत वसुलीची जबाबदारी बँकांवर येऊ नये, देयक-व्यवस्था निर्दोष राहावी, आणि अलीकडे दिसलेले प्रकार पुन्हा घडू नयेत.

मजा पाहा. ज्या नियमाने घोरावाडीतल्या मंगलताईंचा चेक अडला, त्याच्या मागे छोट्या गुंतवणूकदाराला वाचवण्याचंच कारण आहे. एका छोट्या माणसासाठी केलेला नियम दुसऱ्या छोट्या माणसाला आडवा येतोय. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा अशाच ठिकाणी दडलेला असतो, जिथे दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर आहे.

आणखी एक धागा. १८८१ च्या कायद्यात नसलेले हे शब्द १९६१ च्या आयकर कायद्यात मात्र होते. कलम २६९ एसएस नुसार २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज वा ठेव रोखीने घ्यायची नाही, 'अकाउंट पेयी' चेकने किंवा तशाच मान्य मार्गाने घ्यायची. कलम ४० ए (३) मध्ये आधी नुसता 'रेखांकित चेक' असा शब्द होता. २००६ मध्येच तो बदलून 'अकाउंट पेयी चेक' झाला. चेकच्या कायद्याने ज्याची व्याख्या केली नाही ते कराच्या कायद्याने गृहीत धरलं. इंग्लंडने वेगळी वाट धरली: तिथे चेक्स ॲक्ट, १९९२ ने 'अकाउंट पेयी' चेक अहस्तांतरणीय आहे असं थेट कायद्यातच लिहून टाकलं. तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी ही नोंद जपून ठेवावी.

तिसरा थर : बँक एवढी का घाबरते?

परिपत्रक बाजूला ठेवलं तरी बँकेला स्वतःची भीती आहेच. ती समजली नाही तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला उगाच आडमुठा वाटत राहील.

समजा, एका बँकेने चुकीच्या माणसासाठी चेक वसूल केला. खरा मालक नंतर उभा राहिला तर तो बँकेवर दावा करू शकतो: माझी मालमत्ता तुम्ही दुसऱ्याला दिलीत. बँकेला माहीत नव्हतं, ही सबब सर्वसाधारण नियमाने चालत नाही. संरक्षण मिळतं ते कलम १३१ मधून, पण अटींवर: चेक रेखांकित हवा, बँकेने तो आपल्या ग्राहकासाठी वसूल केलेला हवा, सद्‌भावनेने केलेला हवा आणि त्यात निष्काळजीपणा नको.

केरळ राज्य सहकारी पणन महासंघ विरुद्ध भारतीय स्टेट बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या कलमाची तत्त्वं एकत्र मांडली. त्यातलं आपल्या कामाचं तत्त्व हे: आपण या संरक्षणात बसतो हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. आता विचार करा, चेकवर ठळक 'अकाउंट पेयी' आहे, नाव मंगलताईंचं आहे आणि बँकेने पैसे मुलाच्या खात्यात टाकले. उद्या वाद झाला तर 'आम्ही निष्काळजी नव्हतो' असं बँक कोणत्या तोंडाने म्हणणार?

चेक ट्रंकेशन आल्यापासून हा भार आणखी स्पष्ट झालाय. आता कागदी चेक वसूल करणाऱ्या बँकेकडेच राहतो, पुढे जाते ती त्याची प्रतिमा. पैसे देणारी बँक मूळ कागद बघतही नाही. म्हणून २००२ च्या दुरुस्तीने कलम १३१ ला जोडलेलं स्पष्टीकरण सांगतं की चेकचा सकृद्दर्शनी खरेपणा आणि त्यावर दिसणारी खाडाखोड वा बनावट तपासणं हे वसूल करणाऱ्या बँकेचं कर्तव्य आहे. शेवटचा डोळा काउंटरवरचाच.

पतसंस्थेची खिडकी

आता मंगलताईंच्या मूळ अडचणीकडे. पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालते, क्लिअरिंगमध्ये तिला जागा नसते आणि तिच्यातल्या ठेवींना बँक ठेवींसारखं ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण नसतं. (नागरी सहकारी बँक वेगळी, पतसंस्था वेगळी. प्रश्नावलीत ही गल्लत झाली तर सगळी आकडेवारी वाया जाते.) पतसंस्थेचं स्वतःचं खातं एखाद्या बँकेत असतं. सभासदाचा चेक आला की ती तो आपल्या बँक खात्यात भरणार आणि पैसे आले की सभासदाच्या खात्यात टाकणार.

पण २००६ चा नियम पाळायचा तर हेही तृतीय पक्षाचं खातंच झालं! चेक मंगलताईंच्या नावे, खातं पतसंस्थेच्या नावे. ज्यांचं खातं फक्त पतसंस्थेत आहे अशा सभासदांची यामुळे पंचाईत झाली.

म्हणून रिझर्व्ह बँकेने पुढे सवलत दिली. चेक ५०,००० रुपयांपर्यंतचा असेल आणि ज्याच्या नावे आहे तो त्या सहकारी पतसंस्थेचा सभासद असेल, तर बँक तो पतसंस्थेच्या खात्यात वसूल करू शकते. पतसंस्थेने मात्र लेखी द्यायचं की पैसे आल्यावर ते चेकवर नाव असलेल्या सभासदाच्याच खात्यात जमा होतील. कलम १३१ च्या अटी लागू राहतातच.

या रचनेतलं तर्कशास्त्र बघा. मंगलताई बँकेच्या ग्राहक नाहीत, पतसंस्था आहे. बँक मंगलताईंना ओळखत नाही, पतसंस्था ओळखते. म्हणून ओळखीची हमी पतसंस्थेने लेखी द्यायची. शाहजोग हुंडी आठवली ना?

तर ३८,००० चा चेक पतसंस्थेमार्फत वटू शकतो, अर्थात पतसंस्थेच्या बँकेने ही सवलत वापरायचं ठरवलं तर. कारण सवलत म्हणते 'करू शकते', 'केलंच पाहिजे' असं म्हणत नाही. आणि तोच हिशेब ६२,००० चा निघाला असता तर हा दरवाजाच बंद होता.

नाव एकच, स्पेलिंग दोन

तृतीय पक्षाचा प्रश्न नेहमी तृतीय पक्षामुळेच येतो असं नाही. कधी कधी माणूस स्वतःच तृतीय पक्ष ठरतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही बदलण्याची चाल आहे. चेक माहेरच्या नावाने, खातं सासरच्या. बँकेच्या दृष्टीने ही दोन माणसं आहेत, जोपर्यंत विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद समोर येत नाही.

चेकवरचं नाव पेनाने दुरुस्त करून आणणंही चालत नाही. सीटीएस-२०१० च्या नियमांनुसार प्रतिमेवर वटणाऱ्या चेकवर तारीख वैध करण्यापलीकडे कोणतीही दुरुस्ती मान्य नाही; नाव किंवा रक्कम बदलायची तर नवा चेक. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने आहे, तेव्हा नवा चेक मागायचा तर लवकर मागायला हवा.

तिसरी परिस्थिती सगळ्यात अवघड: ज्याच्या नावे चेक आहे तो माणूस आता हयात नाही. इथे मागे सही करणारंच कोणी नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर येणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये बँकांना दोन वाटा सुचवल्या होत्या: वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या संमतीने 'अमुक यांची मालमत्ता, मयत' अशा प्रकारचं खातं उघडून त्यात जमा करायचं, पण त्यातून पैसे काढू द्यायचे नाहीत, किंवा 'खातेदार मयत' असा शेरा मारून रक्कम पाठवणाऱ्याकडे परत करायची. अशा घरात चेक वारसाच्या खात्यात थेट भरण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा, चेक देणाऱ्याला मृत्यूचा दाखला दाखवून वारसांच्या नावे नवा चेक मागणं बरं.

आता यातून संशोधन-प्रश्न

इथपर्यंत आपण माहिती गोळा केली. माहिती म्हणजे संशोधन नव्हे. आता तीन वाटा बघा. तिन्ही याच प्रश्नातून निघतात, पण वेगवेगळ्या विद्याशाखांत जातात.

पहिली वाट, कायद्याची. संसदेच्या कायद्याने जो कागद हस्तांतरणीय ठेवला, त्यावर परिपत्रकाने मर्यादा आणली. परिपत्रकाला हा अधिकार कुठून मिळतो? बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ चं कलम ३५ ए रिझर्व्ह बँकेला निर्देश देण्याचा अधिकार देतं, पण ते निर्देश बँकांना असतात. मग चेक हातात असलेल्या माणसाच्या हक्काचं काय झालं: तो संपला, की फक्त बजावता येईनासा झाला? हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी निवाडे वाचावे लागतील.

दुसरी वाट, समाजशास्त्राची. रॉस्को पाउंड यांनी १९१० मध्ये 'पुस्तकातला कायदा' आणि 'व्यवहारातला कायदा' असा फरक मांडला. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये दाखवलं की धोरण शेवटी खिडकीवरचा कर्मचारीच घडवतो, कारण वेळ कमी, लोक जास्त आणि निर्णय तर घ्यायचाच असतो. लिप्स्की सरकारी सेवांबद्दल बोलत होते. बँकेच्या खिडकीला ते कितपत लागू पडतं, हे तपासता येईल. पतसंस्थेची सवलत कोणती शाखा वापरते, कोणती नाही, आणि नकार मिळाल्यावर माणसं काय करतात? नवा चेक मागतात, खातं उघडतात, की चेक घरातच पडून राहतो?

तिसरी वाट, अर्थशास्त्राची. ५०,००० ही रेषा बघा. ४९,००० आणि ५१,००० मिळणाऱ्या दोन माणसांत फारसा फरक नसतो, पण नियम त्यांना वेगवेगळं वागवतो. अशी रेषा संशोधकाला आयतीच मिळते. जर नियमाचा परिणाम होत असेल, तर पतसंस्थांकडे येणाऱ्या चेकच्या रकमा या रेषेच्या अलीकडे दाटलेल्या दिसायला हव्यात. ६२,००० चे दोन चेक करून घेतलेले दिसायला हवेत. तसं दिसलं नाही तर तुमचं गृहीतक पडलं. पडू शकेल असं गृहीतक मांडणं, यालाच शिस्त म्हणतात.

सुरुवातीचं शीर्षक आठवा: 'पतसंस्थांच्या कार्याचा चिकित्सक अभ्यास'. आता त्याऐवजी लिहा: '५०,००० रुपयांची मर्यादा पतसंस्थेच्या सभासदांच्या चेकव्यवहारावर काय परिणाम करते?' याला उत्तर आहे, आणि ते चूकही ठरू शकतं.

माहिती मिळवताना

पतसंस्थेला माहितीचा अधिकार लावू, असं अनेकांना वाटतं. थालाप्पलम सेवा सहकारी बँक विरुद्ध केरळ राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की सहकारी संस्था, सरकारचं भरीव अर्थसाहाय्य किंवा नियंत्रण असल्याखेरीज, त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत. निबंधक मात्र ठरतो. म्हणजे जी माहिती कायद्याने निबंधकाला मिळू शकते, तिच्यासाठी अर्ज तिथे करायचा. सहकार आयुक्तालय पुण्यातच आहे, ही आपली सोय.

बाकी माहिती ओळखीने आणि विश्वासानेच मिळते. त्यासाठी तीन पथ्यं. एक, 'बघू काय होतं' म्हणून दुसऱ्याचा चेक आपल्या खात्यात भरून प्रयोग करू नका. बनावट सहीने केलेलं पृष्ठांकन हा गुन्हा आहे. संशोधन हे त्याचं कारण होऊ शकत नाही. दोन, चेकचा किंवा पासबुकाचा फोटो काढू नका. तुम्हाला रक्कम आणि तारीख हवी आहे, नाव आणि खाते क्रमांक नको आहे. जे नको ते टिपायचंच नाही. तीन, पतसंस्थेच्या संचालकांची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी क्षेत्रकार्याच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

मुलाखतीत "तुम्हाला बँकेचा नियम माहीत आहे का?" असं विचारू नका. समोरचा परीक्षेला बसल्यासारखा होतो. "मागचा चेक कधी मिळाला? मग काय केलंत?" एवढं विचारा आणि गप्प बसा. माणसं घटना सांगतात, त्यातला नियम आपण शोधायचा असतो.

आणि मंगलताई?

ज्यांच्या घरात आज खरोखरच असा चेक पडलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. रक्कम ५०,००० च्या आत असेल तर आधी पतसंस्थेत विचारा की त्यांची बँक सभासदांचे 'अकाउंट पेयी' चेक घेते का. नसेल घेत, तर आधार-पॅन घेऊन अडकलेल्या खात्याची केवायसी पूर्ण करा किंवा बचत खातं उघडा. चेकला तीन महिने आहेत. तेही जमत नसेल तर चेक देणाऱ्याला चेक परत करून ज्या खात्यात घ्यायचे त्या नावाने नवा चेक मागा. मुलाच्या नावे पैसे घेण्याआधी मात्र थोडं थांबा. 'पैसे आपलेच' हे वाक्य घरात खरं असतं, पण 'अकाउंट पेयी' या दोन शब्दांमुळे कष्टाचे पैसे जिचे आहेत तिच्याच नावावर पोचतात, हेही तितकंच खरं आहे. ठेकेदार, मुलगा किंवा नवरा यांपैकी कोणालाही ते परस्पर वळवता येत नाहीत. ज्या नियमाने तिची गैरसोय केली, तोच नियम तिच्या बाजूनेही उभा असू शकतो.

तो कोणत्या घरात अडवणूक ठरतो आणि कोणत्या घरात संरक्षण, हे काउंटरच्या अलीकडून कळणार नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागेल. या आठवड्यात एक काम करा: तुमच्या गावातल्या एका पतसंस्थेत जा, तिथल्या व्यवस्थापकांना सभासदांचे चेक त्या कशा वटवतात ते विचारा, आणि जे ऐकाल ते त्याच दिवशी एका पानात लिहून काढा. त्या पानात तुम्हाला न पटलेली किंवा न कळलेली एक ओळ असेल. तिच्याखाली रेघ मारा. विषय तिथून सुरू होईल.